खर्जवाले अण्णा

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली तर कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी येतो. कुणाचा वूफर बंद पडला तर अण्णा तिसऱ्या मिनिटाला येतात. त्यांना बोलवावं लागत नाही. जिन्यात नुसतं "आमच्या होम थिएटरला हल्ली दम नाही" असं पुटपुटलं तरी पुरतं.

अण्णा दूरसंचार खात्यातून निवृत्त झाले, वय 71. या वयात कानांतून वरचे सूर आधी जातात, खालचे टिकतात. त्यामुळे काकूंनी स्वयंपाकघरातून मारलेली हाक अण्णांना ऐकू येत नाही. दुसऱ्याच्या वूफरमधली 50 हर्ट्झची घूं मात्र झोपेतही ऐकू येते. 'बास' हा शब्द ते वापरत नाहीत, खर्ज म्हणतात. तरुणपणी आपण तंबोरे जुळवून देत होतो, असं सांगतात. गातही होतात का, असं विचारलं की पाणी मागतात.

दिवाळीच्या आदल्या रविवारी आमचा वूफर मुका झाला. दिवा पेटलेला, आवाज शून्य. अण्णा आले ते कापडी पिशवी घेऊनच. पिशवीत टॉर्च, वायरींचं भेंडोळं, चिकटपट्टी आणि मोजपट्टी. आधी त्यांनी वूफरच्या पडद्यावर तळहात ठेवून डोळे मिटले. वैद्यबुवा नाडी बघतात तसे. मग रिसीव्हरच्या बाजूने वायर उपसली आणि तिच्या टोकाच्या पिनेला हलकेच बोट लावलं. घुर्रर्र! शोकेसमधल्या कपबशा थरथरल्या. सासूबाई देवघरातून बाहेर आल्या.

"पेशंट ठणठणीत आहे," अण्णा म्हणाले. "दोष वरून येतोय."

तरीही त्यांनी वायर बदलून पाहिली, प्लग बदलून पाहिला, फेजचं बटण शून्यावरून 180 वर आणि पुन्हा शून्यावर नेलं. "कुणी हात लावला होता का?" हा प्रश्न अण्णा नेहमी शेवटी विचारतात. पहिल्यांदाच विचारला तर दोन मिनिटांत घरी जावं लागेल, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

हात भाच्याने लावला होता. मेनूत शिरून त्याने पुढच्या दोन स्पीकरांपुढे 'लार्ज' करून ठेवलं होतं. म्हणजे त्या वीतभर डब्यांना सांगितलं होतं, की सगळा खर्ज तुम्हीच ओढा. सिनेमा लावला असता तर 5.1 मधल्या त्या '.1'चं काम तरी वूफरला मिळालं असतं. आम्ही लावत होतो दोन चॅनलची भावगीतं, त्यामुळे तो बिनकामाचा बसून होता. अण्णांनी 'स्मॉल' केलं, 80 हर्ट्झवर रेघ मारली आणि वूफर बोलू लागला.

इथे कुणीही चहा पिऊन निघाला असता. अण्णांनी मोजपट्टी काढली.

"हॉल 14 फूट. 40 हर्ट्झची लाट 28 फुटांची. अर्धी लाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बरोब्बर बसते आणि मधोमध मरते. तू सोफा कुठे ठेवलायस?"

मधोमध. पत्रिकेत शनी निघावा तसा मी खाली बसलो.

यावर इलाज आहे, आणि तो खरोखरीचा आहे, अण्णांच्या डोक्यातला नव्हे. वूफर सोफ्यावर बसवायचा, आपण जमिनीवर रांगायचं. जिथे खर्ज भरीव ऐकू येईल, ती वूफरची जागा. त्याप्रमाणे वूफर लोडाला टेकून बसला आणि अण्णा व मी भिंतीकडेने रांगू लागलो. तेवढ्यात मेंटेनन्सचा चेक मागायला सेक्रेटरी दारात उभे. अण्णांनी मान वर न करताच फर्मावलं, "सेक्रेटरी, वाका. तुमचा कान नवा आहे." आणि ते वाकले! सोसायटीच्या सभेत कुणाचं न ऐकणारा माणूस चपलांच्या स्टँडपाशी कान लावून "इथे जरा बरं वाटतंय" म्हणताना मी पाहिला आहे.

उत्तम खर्ज बाथरूमच्या दारात लागला. बायकोने माझ्याकडे एकदाच पाहिलं. वूफर पुन्हा होता तिथेच गेला.

अण्णा मात्र आवाज वाढवत बसले. साडेनऊला खालच्या मजल्यावरचे गृहस्थ लाल चेहऱ्याने वर आले. त्यांच्या बेडरूमची खिडकी वाजत होती. आम्ही माफी मागू लागलो. अण्णा उठले, "बघू," म्हणाले आणि त्यांच्या मागोमाग खाली गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी घाबरून खाली गेलो.

अण्णा त्यांच्या पलंगाच्या कडेला डोळे मिटून बसले होते. मला हातानेच गप्प करून म्हणाले, "अरे, खरा खर्ज इथे लागतोय!"

त्या गृहस्थांनी आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही.