दिव्याखालचे व्यवहारज्ञान

बल्ब घेताना महाराष्ट्रीय गृहस्थ दुकानदारास प्रथम ‘किती वॉटचा?’ असे विचारतो, म्हणजे दिवा उजेड किती देईल याची नव्हे, तर वीज किती खाईल याची चौकशी करतो. उजेडाचे माप असलेले लुमेन खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेले असतात आणि तिकडे सहसा कोणी पाहत नाही. जुन्या ६० वॉटच्या बल्बचा सुमारे ८०० लुमेन उजेड ९ वॉटच्या एलईडीतून सहज मिळतो, तरीही नऊ हा आकडा प्रतिष्ठेस अपुरा वाटल्याने छोट्याशा खोलीतही वीस वॉटचा दिवा लटकतो. आकड्यांशी असा सलोखा जुनाच आहे: ‘झिरोचा बल्ब’ प्रत्यक्षात १२ ते १५ वॉट वीज घेत असे, परंतु जुन्या चकतीच्या मीटरांना एवढा किरकोळ वापर बहुधा जाणवत नसल्याने ग्राहक आणि मीटर यांचे शून्यावर एकमत झाले होते.

सरकारी खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला, तेव्हा बिल घटेल अशी अपेक्षा होती. गृहस्थाने मात्र फॉल्स सीलिंग करून एका दिव्याच्या जागी बारा बसवले.

प्रकाशाची छटा केल्विनमध्ये सांगतात. २७०० ते ३००० केल्विनचा प्रकाश पिवळसर, तर ६५०० चा निळसर पांढरा असतो. पिवळा उजेड म्हणजे गरिबी, अशी मध्यमवर्गाची दृढ समजूत असल्याने शयनगृहापासून देवघरापर्यंत ६५०० केल्विनचे साम्राज्य असते, आणि हेच कुटुंब वाढदिवसाला पिवळ्या उजेडाच्या हॉटेलात जाऊन त्या मंदपणाचे जादा पैसे आनंदाने मोजते. वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतात हे सांगणारा रंगदर्शन निर्देशांक, ज्यात सूर्यप्रकाशाला १०० गुण असतात, तर पूर्णच दुर्लक्षित राहतो; स्वस्त एलईडीत गडद लाल रंगाचा अंश कमी असल्याने लालभडक पैठणी घरी आल्यावर मलूल दिसते आणि दोष मात्र विणकराच्या माथी येतो.

खोक्यावरील २५,००० तासांच्या आयुष्याविषयी एवढेच नमूद करणे पुरे की प्रकाश देणारा डायोड टिकतो, पण त्याला वीज पुरवणारे ड्रायव्हर नावाचे सर्किट बंद शेडमध्ये साठणाऱ्या उष्णतेने बहुधा त्याआधीच दगावते. वॉरंटीसाठी बिल लागते. ते थर्मल कागदावरचे असल्याने तोवर कोरे झालेले असते.