मोटाररक्षणाचे प्राथमिक पाठ : नवशिक्या भगिनींकरिता

मोटारीची निगा कशी राखावी याचे विवेचन करणारी जी पुस्तिका गाडीसोबत मिळते आणि जी बहुधा प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट पुढच्या कप्प्यात पडून असते, तिच्यात तेल, पाणी, हवा आणि वीज यांचा सर्व तपशील दिलेला असला, तरी बॉनेट उघडणाऱ्या स्त्रीभोवती अर्ध्या मिनिटात जमणाऱ्या पुरुषांचा बंदोबस्त कसा करावा, याविषयी तिच्यात अवाक्षरही नसते. आणि नवशिक्या भगिनींची खरी अडचण तीच असल्याकारणाने प्रस्तुत मार्गदर्शनाची तजवीज करणे आम्हांस अगत्याचे वाटले.

प्रथम बॉनेट उघडावे. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, झाकण उघडलेल्या मोटारीचे चित्र असलेला एक खटका असतो. तो ओढला की झाकण बोटभर वर येते आणि तेथेच अडते, कारण धावत्या गाडीचे झाकण वाऱ्याने उघडून काचेवर आपटू नये म्हणून एक दुसरी कडी आत ठेवलेली असते, व ती फटीत बोटे घालून चाचपल्याविना सापडत नाही. हे चाचपणे चालू असतानाचा काळ फार धोक्याचा. तेवढ्यात सोसायटीचा रखवालदार, दूध घेऊन परतणारे निवृत्त गृहस्थ, आणि ज्यांच्या स्वतःच्या गाडीचे बॉनेट खरेदीपासून उघडलेले नाही असे शेजारी अनुक्रमे रुजू होतात आणि ‘काय झालं ताई?’ अशी पृच्छा करतात. काही झालेले नाही, आपण केवळ तेल पाहत आहोत, ही कैफियत ग्राह्य धरली जात नाही. काही बिघडल्यावाचून बाईमाणसाने बॉनेट उघडावे, अशी नोंद त्यांच्या दफ्तरी नाही. अशा वेळी मंडळींशी वाद न घालता त्यांना कामे वाटून द्यावीत. एकास जुने फडके आणावयास धाडावे, दुसऱ्यास काचेवर उडणाऱ्या पाण्याची टाकी भरण्यास सांगावे, आणि जो सर्वांत अधिक बोलतो त्यास गाडीच्या मागे उभे करून, आपण ब्रेक दाबला असता दोन्ही तांबडे दिवे लागतात की नाही, याची वर्दी देण्यास नेमावे; हे काम एकट्याने होत नाही, आणि त्या जागेवरून इंजिन दिसत नाही.

मग स्वस्थपणे तेल पाहावे. गाडी सपाट जागी असावी, इंजिन बंद होऊन काही मिनिटे लोटलेली असावीत. कडी धरून पट्टी उपसावी, पुसावी, पूर्ण आत घालून पुन्हा उपसावी. पहिल्या खेपेची जबानी ग्राह्य नाही, कारण तेव्हा पट्टीला तेल कोठेही चिकटलेले असते. दोन खुणांच्या मध्ये तेल दिसले की काम झाले. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ असा हुकूम मागून सुटेल तो मानू नये. वरच्या खुणेपलीकडे फार तेल गेले तर फिरता दांडा ते घुसळून त्याचा फेस करतो, आणि फेसाने वंगण होत नाही. ‘इंजिन ऑइल म्हणजे काय मॅडम, तर कढईतलं तेल’ हा दृष्टांतही याच सुमारास ऐकावा लागतो. कढईतले तेल पदार्थ तळते, इंजिनातले तेल घर्षण कमी करते आणि उष्णता वाहून नेते. हा भेद ज्यास उमगत नाही त्याच्या हाती गाडी द्यावी की कढई, याचा निर्णय आम्ही गृहिणींवर सोपवितो.

कूलंटची टाकी अर्धपारदर्शक असल्याने ते बाहेरूनच दिसते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र ब्रह्मदेवाने सांगितले तरी उघडू नये.

स्त्रीजातीस यंत्रांतले कळत नाही, असे ऐतिहासिक प्रतिपादन कोणी केलेच, तर 1888 सालच्या ऑगस्ट महिन्याचा दाखला पुढे करावा. बर्था बेंझ या बाई नवऱ्यास न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, त्यानेच बनविलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून सुमारे शंभर किलोमीटर दूर असलेल्या फॉर्त्सहाइमला माहेरी गेल्या. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली, इंधन संपले तेव्हा वीसलोखच्या औषधी दुकानातून मिळविले, आणि ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांस कातडे ठोकून घेतले. काचेवरचा पाऊस पुसणाऱ्या यंत्राचे पेटंट 1903 साली अलाबामातील मेरी अँडरसन या बाईंना मिळाले, हेही पावसाळ्यात वायपरवर प्रवचन झोडणाऱ्यास सहज म्हणून कळवावे.

हवेचा आकडा चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. तो पाठ करूनच पंपावर जावे, कारण ‘किती टाकू?’ या प्रश्नावर क्षणभर जरी घुटमळलात तरी हवावाला आपल्या मर्जीचा आकडा चारही चाकांना सारखाच लागू करतो. टायर थंड असताना हवा पाहावी, आणि डिकीतील स्टेपनीस विसरू नये.

ती स्टेपनी बसविण्याचा प्रसंग आलाच तर हँडब्रेक ओढून, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून, चाकास दगड लावावा आणि जॅक चढविण्यापूर्वीच नट किंचित ढिले करावेत. उचललेल्या गाडीचे चाक नटाबरोबर फिरू लागते. पाना असा बसवावा की दांडी डावीकडे आडवी येईल, मग ती पायाने खाली दाबावी. येथे मनगटाच्या बळाचा प्रश्न नसून दांडीच्या लांबीचा आहे, ही गोष्ट पुरुषवर्गाने आजवर गुप्त राखली आहे. नवे चाक बसविल्यावर नट समोरासमोरचे आवळत जावे, आणि गाडी खाली उतरवून अखेरचा पीळ द्यावा.

राहता राहिले सर्व्हिसिंग. तेथील टेबलामागचे गृहस्थ प्रथम ‘सर नाही आले?’ असे विचारतात, आणि मग इंजेक्टर सफाई, कोटिंग वगैरे कलमे जॉबकार्डात दाखल करू लागतात. पुस्तिकेत त्या किलोमीटरसाठी जे सांगितले असेल तेवढेच ठेवून बाकीचे खोडावे, बदललेले जुने भाग परत हवेत असे लिहून घ्यावे, मगच सही करावी. अंदाजपत्रकासाठी सरांचा नंबर मागितल्यास बिनदिक्कत आपलाच द्यावा. दुपारी फोन येतो. तो आपण उचलावा, आणि वाढीव कामास सरांची मंजुरी नाही, असे कळवावे.