एक, दोन, एक, दोन

गणपतीत आमच्या कोल्हापुरातल्या तालमीसमोर ऑर्केस्ट्रा असला, की सातच्या कार्यक्रमाला साउंडवाले नाना दुपारी तीनलाच हजर. टेम्पोतून बॉक्सच्या आधी नाना उतरतात आणि मांडवातल्या प्लगपाशी उकिडवे बसतात. खिशात पेनाच्या जागी टेस्टर, मनगटात घड्याळाच्या जागी काळ्या टेपचं भेंडोळं. "अर्थिंग हाय न्हवं?" हा त्यांचा रामराम. हातात गिटार आणि ओठाला माईक असलेल्या पोराला बसलेला झटका त्यांनी कधीतरी पाहिलाय. त्याबद्दल विचारलं तर टेप फाडत बसतात.

मग शेलचा विधी. जाळी काढून प्रत्येक बॉक्सच्या वायरींना दीड व्होल्टचा शेल क्षणभर टेकवायचा. पडदा पुढे आला की "प्लस!" आणि लाल टेप. "एक बॉक्स ढकलतोय, शेजारचा ओढतोय, असा संसार झाला तर बेस जाणार कुठं? घरातल्या घरात जिरतोय."

त्यानंतरचा परवलीचा शब्द 'ओम'. नवखा कार्यकर्ता भक्तिभावाने हात जोडतो. नाना कपाळाला हात लावतात. "देवाचा न्हवं भावा, बॉक्सचा!"

हे शास्त्र ते पंगतीवरून शिकवतात. अ‍ॅम्प्लिफायरचं मशीन म्हणजे वाढपी, ८ ओमचा बॉक्स म्हणजे एक पंगत. प्लसला प्लस, मायनसला मायनस असे दोन बॉक्स जोडले, की दोन्ही पंगती एकदमच हाका मारतात. ओम झाले ४. वाढपी पळतो, पण निभावतो. चार जोडले, तर ओम उतरले २ वर. "ओम उतरला म्हंजे ओझं चढलं. वाढपी चक्कर येऊन आमटीत!" आणि दोन बॉक्स एकामागे एक ओवले तर? "१६ ओम. वाढपी निवांत, पंगत उपाशी."

चाचणीलाही नाना कधी 'हॅलो' म्हणत नाहीत. फक्त "एक... दोन... एक... दोन..." तीन का नाही, विचारलं तर म्हणाले, "तीन म्हटलं की ढोलकीवाला सुरूच करतोय."

मागे एका वर्षी मी खजिनदार होतो. शेजारच्या तालमीचे सहा बॉक्स, आपले चारच! माझी इज्जत गेली. म्हटलं, "नाना, दोन वाढवा." नाना म्हणाले, "मास्तर, मशीनला दोन चॅनेल. एकेकाला तीन झाले तर ओम पावणेतीनच्याही खाली. मशीन चारचं हाय. आवाज न्हाई वाढायचा, बिल वाढंल." मी भाड्याचा वाद समजलो. नाना चहाला गेले, तेवढ्यात आमच्या एका उत्साही पोराने जादा दोन बॉक्स आणून जोडून टाकले. जोडायला मी नको म्हटलं नाही, एवढंच.

तिसऱ्या गाण्यात ढोलकी रंगात आली आणि मशीनवर लाल दिवा लागला. गायिकेचे ओठ हलताहेत, आवाज शून्य. शेजारच्या तालमीची शिट्टी मात्र स्पष्ट ऐकू आली. नाना आले. कुणाला शिवी नाही, काही नाही. जादा वायरी उपसल्या, मशीनवर टेबलफॅन सोडला, दहा मिनिटं मांडी घालून बसले. मग माईक घेतला. "एक... दोन..." आणि माझ्याकडे बघून, अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणाले, "तीन न्हाई."

रात्री दहाची मुदत पोलिसांच्या आधी नाना पाळतात. दहाला पाच कमी असताना गाणं कुठेही असो, आवाज उतरू लागतो. गायक डोळे वटारतो, नाना टेप गुंडाळतात. सगळ्यात आधी मशीन बंद, मग मिक्सर. सुरू करताना उलटं. "मशीन म्हंजे घरचा धाकटा. शेवटी उठतोय, आधी झोपतोय."

दुसऱ्या दिवशी महाप्रसाद. नानांना आग्रहाने पहिल्या पंगतीला बसवलं, पत्रावळीवर भात पडला. समोर चार रांगा आणि आमटीला एकटंच पोरगं. "इकडे, इकडे" म्हणून चहूकडून हाका. नानांनी भाताला हात लावला नाही. उठले, बाह्या सारल्या, दुसरी बादली उचलली.

"नाना, जेवा की आधी!"

"चार जोडल्यात मास्तर," ते दोन रांगा आपल्याकडे घेत म्हणाले, "पोरगं जळंल."