बॅटरीवाले मामा

कोल्हापुरात एका पडद्याचं थेटर जिथं जिथं तग धरून आहे, तिथं एक मामा असतातच. खाकी शर्ट, काखेत बॅटरी आणि तोंडावर अख्ख्या लग्नाच्या पंगती अंगावर पडल्याचा भाव. पगाराच्या वहीत ते डोअरकीपर. पण दाराशी त्यांचा संबंध पहिली दहा मिनिटं. पुढं आतली सगळी प्रजा त्यांची.

बॅटरी बघण्यासारखी. काच तडकलेली, बटणाला रबर गुंडाळलेलं, सेल दर खेळाआधी तळहातावर आपटून जागे केलेले. उजेड पायरीवर पडायला हवा. तो आपण ठेचकाळल्यावर पडतो. पुढच्या खुर्चीवर टाकलेल्या पायांवर मात्र अचूक. ‘‘पाय खाली घे, मर्दा! घर हाय व्हय?’’

मामांनी एकही सिनेमा सलग बघितलेला नाही. नावं पडताना ते उशिरा आलेल्यांना बसवत असतात, शेवटाला दारं उघडायला जातात. मधला भाग दिवसातून चारदा. त्यामुळं खून कसा झाला हे तोंडपाठ. कुणी केला ते विचारू नये. विनोद यायच्या आधीच ते हसतात, आणि मागच्या दोन-तीन रांगा त्यांच्या भरवशावर हसून घेतात.

इंटरव्हलला सोड्याच्या गाड्यापाशी इतिहास सुरू होतो. ‘‘शांतारामबापू सुरवातीला आमच्याच लायनीतलं. हुबळीला पत्र्याच्या थेटरात दारावर हुतं!’’ गोष्ट खरी आहे, तीच पंचाईत. पुढं बापू आणि सोबत्यांची ‘प्रभात’ फिल्म कंपनी १ जून १९२९ ला कोल्हापुरात निघाली, १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ इथंच बोलका झाला आणि १९३३ ला मंडळी पुण्याला गेली. मामांचा जन्म त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी. तरी ती मंडळी ट्रंका भरत होती तेव्हा आपणच आडवं पडायला पाहिजे होतं, असा एकूण सूर. ‘‘हितं काय कमी हुतं? पंचगंगेचं पाणी? का तांबडा-पांढरा?’’ एवढं बोलून ते सोड्याचे पैसे न देता घंटेकडं पळतात.

परवा बुधवारी तीनच्या खेळाला गेलो. माणसं चार. वरून निरोप आला, पाच झाल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही. मामांनी आम्हा चौघांकडं, मग रस्त्याकडं बघितलं. खिशातून चुरगळलेल्या नोटा काढल्या, खिडकीवर जाऊन बाल्कनीचं तिकीट घेतलं, परत दाराशी येऊन स्वतःच फाडलं. अर्धं डब्यात, अर्धं वरच्या खिशात. दिवे गेले. मामा स्वतःलाच बॅटरी दाखवत एकेक पायरी चढून वर आले.

सगळी बाल्कनी मोकळी, म्हणून मी मधली खुर्ची धरून ऐसपैस पसरलो होतो. उजेड थेट डोळ्यांवर आला.

‘‘पावणं, नंबर बघा. ही माझी हाय.’’