वन बीएचकेत मिग-21 रंगवण्याची शास्त्रोक्त पद्धत

नाशिकजवळ ओझरला 1964 साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला तो मिग-21 बांधण्यासाठी. तिथे धावपट्टी होती, हँगर होते, अभियंते होते आणि पाठीशी केंद्र सरकार होतं. बोरिवलीच्या वन बीएचकेत तेच विमान 1/72 प्रमाणात बांधून रंगवायला बसलेल्या माणसापाशी यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे असतं एक घडीचं टेबल, रात्री साडेदहानंतरचा वेळ आणि 'हे कधी आवरणार?' असं विचारणारं कुटुंब. तरीही त्याच्याकडून कारखान्याच्या तोडीच्या कामाची अपेक्षा असते, आणि ती अपेक्षा करणारा तो स्वतःच असतो. अशा साधकांच्या सोयीसाठी संपूर्ण विधी पायरीपायरीने दिला आहे.

पायरी पहिली: प्रमाण ठरवणे

विमानांसाठी 1/72 आणि 1/48, रणगाड्यांसाठी 1/35, जहाजांसाठी 1/700 ही जगन्मान्य प्रमाणं. उपनगरात मात्र प्रमाण ठरतं ते भिंतीच्या लांबीवरून. जुनी विमानवाहू नौका 'विक्रांत' सुमारे 213 मीटर लांब होती. 1/72 प्रमाणात ती तीन मीटरच्या जवळ जाते. घाटकोपरच्या वन आरकेत ती तिरकी करून आत आणता येईल, पण मग घरच्यांना जिन्यात झोपावं लागेल. 1/700 मध्ये तीच नौका 30 सेंटीमीटरची होते आणि शोकेसमध्ये लग्नाच्या फोटोशेजारी निमूट राहते. बारा डब्यांची लोकल 1/87 मध्ये करायची तर एकेक डबा 23 सेंटीमीटरचा आणि गाडी पुन्हा पावणेतीन मीटरची. तिला मुलुंडच्या हॉलमध्येसुद्धा पूर्ण प्लॅटफॉर्म मिळत नाही.

प्रमाणाचं गणित निष्ठुर असतं. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला. 1/72 प्रमाणात तो भरतो जेमतेम 13 मिलिमीटर. त्या दिवशी अंधेरीहून घरी चालत गेलेल्या माणसाला हा आकडा सांगू नये.

मराठी मुलखात प्रतिकृतींची परंपरा नाही असं मात्र कोणी म्हणू नये. दर दिवाळीला सोसायटीच्या आवारात मातीचे किल्ले उभे राहतात, आणि तिथे प्रमाण नावाची गोष्ट कोणी मानलेली नाही. मावळा तटाहून उंच, तोफ दरवाज्याहून रुंद आणि पायथ्याच्या गुहेतला वाघ घोड्याच्या दुप्पट. हिरवळीसाठी पेरलेले अळीव पाच सेंटीमीटर वाढले तर 1/72 च्या हिशेबाने ते 3.6 मीटर उंचीचं पीक होतं. म्हणजे गडावर गवत नसून ऊस उभा आहे. साधकाने असा किल्ला पाहून मान हलवू नये. तो बांधणारी मुलं चार दिवसांत काम संपवतात, आणि साधकाचं मिग मात्र तिसऱ्या दिवाळीतही पंखांविना असतं.

पायरी दुसरी: खरेदी

किट कोणत्या देशाचं घ्यावं याबद्दल शास्त्रात मतभेद आहेत. जपानच्या शिझुओका शहरातली तामिया 1946 साली लाकडाचा धंदा म्हणून सुरू झाली आणि पुढे प्लॅस्टिकच्या जोडकामात जगाची गुरू झाली. तिचे भाग गोंद लावण्याआधीच एकमेकांना चिकटू पाहतात. इंग्लंडची एअरफिक्स 1939 सालची. तिचं पहिलं स्पिटफायर 1953 मध्ये आलं. गेल्या दशकात एअरफिक्सचे बरेच किट भारतातच तयार झाले, डब्यावर 'मेड इन इंडिया' छापून परदेशी गेले आणि इथल्या हौशी माणसाच्या हाती आयात माल म्हणून पडले. ज्या डब्याने साधकाहून जास्त प्रवास केला आहे, तो उघडताना थोडा आदर बाळगावा.

आयातीचा विषय निघाला की आवाज खाली आणावा. सीमाशुल्काच्या तक्त्यात 9503 या एकाच शीर्षकाखाली बाहुल्या, तीनचाकी सायकली, जिगसॉ कोडी आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती नांदतात. 2020 च्या अर्थसंकल्पात या सामानावरचं मूळ शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेलं आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर. घरच्यांचं आणि भारत सरकारचं एकमत होण्याचे प्रसंग दुर्मीळ. हा त्यातला एक: दोघांच्याही मते ही खेळणी आहेत.

शुल्क टाळण्याचा घरगुती मार्ग म्हणजे परदेशातून येणारा आतेभाऊ. त्याच्या बॅगेत किटचा डबा बसतो, पण लॅकर रंग आणि थिनर ज्वालाग्राही असल्याने विमानात चालत नाहीत. रंगांची सोय इथेच पाहावी. कॉम्प्रेसरची नळी, जोडण्या आणि दाबमापक यांच्यासाठी नागदेवी स्ट्रीट गाठावी. तिथे 'किती मोठं वर्कशॉप आहे?' असं विचारलं जातं. उत्तर गुळमुळीत द्यावं.

पायरी तिसरी: यंत्र आणि सोसायटी

एअरब्रशचा जन्म अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. 1879 मध्ये अबनर पीलर या माणसाने हवेच्या झोताने रंग उडवणारं ओबडधोबड हत्यार बनवलं. 1893 मध्ये चार्ल्स बर्डिकने आजच्या घडणीच्या जवळचा ब्रश पेटंट केला. तो घडवताना आवाजावरून सेक्रेटरीची चिठ्ठी येईल असा विचार दोघांनीही केला नव्हता.

आजचा डबल ॲक्शन ब्रश असा चालतो: खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. ब्रशच्या तोंडाचा व्यास 0.3 मिलिमीटर आणि दाब 15 ते 20 पीएसआय ठेवला की बहुतेक कामं होतात. खटका सोडताना आधी रंग बंद करायचा, मग हवा. हा क्रम चुकला की ब्रशच्या तोंडाशी रंगाचा थेंब साचतो आणि पुढच्या वेळी तो थेट कॉकपिटच्या काचेवर उडतो.

कॉम्प्रेसर अश्वशक्तीच्या सहाव्या भागाचा असला तरी रात्री अकरानंतर खालच्या मजल्यावर तो पूर्ण घोडा वाटतो. त्यावर उपाय म्हणजे हवेची टाकी असलेला कॉम्प्रेसर. संध्याकाळी सगळ्या घरांत मालिका आणि कुकरच्या शिट्ट्या चालू असताना टाकी भरून घ्यावी आणि सामसूम झाल्यावर साठवलेल्या हवेवर काम करावं. तीन लिटरच्या टाकीतली हवा मिनिटभरात संपते, त्यामुळे एका रात्रीत एक पंख, तोही खालच्या बाजूने, एवढीच महत्त्वाकांक्षा धरावी.

वासाचं प्रकरण याहून नाजूक. लॅकर थिनरचा पहिला फवारा हवेत गेला की पाच मिनिटांत बेल वाजते आणि 'अहो, तुमच्याकडे गॅस लीक होतोय का?' असा प्रश्न दारात उभा राहतो. त्यासाठी खिडकीत एक्झॉस्ट फॅन बसवून त्याच्यासमोर पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवावं. यालाच शास्त्रात स्प्रे बूथ म्हणतात. करोनाकाळातला एन-95 मास्क रंगाचे कण अडवतो, पण थिनरची वाफ अडवत नाही. तिच्यासाठी कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. तो लावून चुकूनही दार उघडायला जाऊ नये.

फवाऱ्याचे खरे उस्ताद पाहायचे असतील तर गणपतीच्या कारखान्यात जावं. आषाढ-श्रावणात पेणपासून मुंबईपर्यंत कॉम्प्रेसर रात्रंदिवस धडधडतात आणि त्यांच्याविरुद्ध कोणीही तक्रार करत नाही. अंगाचा रंग, पितांबराची छटा, गालांवरची सावली सगळं गनने होतं. डोळ्यांची आखणी मात्र हातानेच, बारीक ब्रशने, आणि तीही त्यातल्या जाणत्या कारागिराकडून. विमानाला हाच नियम लावावा: मोठे पृष्ठभाग फवाऱ्याने, वैमानिकाचा चेहरा आणि कॉकपिटमधल्या तबकड्या शून्य नंबरच्या ब्रशने. 1/72 मधला वैमानिक उभा केला तर अडीच सेंटीमीटरही भरत नाही. त्याचे डोळे रंगवण्याचा आग्रह धरू नये. त्याला हेल्मेटची काच खाली ओढलेली द्यावी.

पायरी चौथी: हवामान

या विधीतला सगळ्यात अवघड पदार्थ फुकट मिळतो. किट, ब्रश आणि रंग पैसे मोजून आणता येतात. मुंबईच्या उपनगरात वानवा आहे ती कोरड्या हवेची.

जुलैत हवेत इतका दमटपणा असतो की लॅकर सुकताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि काळ्याभोर रंगावर दुधी धुकं उतरतं. कॉम्प्रेसरनेही ओढलेली हवा दाबली की तिच्यातलं पाणी नळीत जमतं आणि ऐन पंखावर थुंकल्यासारखं बाहेर येतं. पाणी अडवणारी काचेची वाटी नळीला जोडावी आणि दर बैठकीनंतर उपसावी. मे महिन्यात उलट तऱ्हा. ॲक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच सुकतो, म्हणून त्यात सुकणं लांबवणारं रसायन थेंबभर घालावं. ऑक्टोबरच्या उकाड्यात माणसाचा घाम किटवर पडतो. डिसेंबर-जानेवारीत हवा सोन्यासारखी असते, पण तेव्हा शेजारची इमारत पुनर्विकासाला गेलेली असते आणि तिची धूळ ओल्या ग्लॉसवर येऊन बसते.

सारांश, जूनपासून सप्टेंबरपर्यंत भाग कापणे, जोडणे, सांधे पुट्टीने बुजवणे आणि 400 पासून 1000 नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरने घासणे एवढंच करावं. पाऊस गेल्याशिवाय ब्रशला हात लावू नये.

पायरी पाचवी: रंग

रंग दुधाइतका पातळ करावा असं जगभरचे जाणकार सांगतात. गोठ्यातलं की पिशवीतलं, हे ते सांगत नाहीत. इथे पिशवीतलं टोण्ड धरावं. वाटीच्या कडेवरून तो ओघळताना मागे पातळ पडदा सोडत असेल तर तयार. आधी चाचणी प्लॅस्टिकच्या चमच्यावर घ्यावी, कारण त्याची गोलाई विमानाच्या नाकाशी जुळते. 1 जुलै 2022 पासून देशात असे चमचे एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बंदीत आले आहेत. ज्यांच्याकडे जुन्या लग्नांतले आईस्क्रीमचे चमचे शिल्लक आहेत, त्यांनी ते जपून वापरावेत.

रंगसंगतीबाबत भारतीय हवाई दलाने साधकावर मोठे उपकार केले आहेत. मिग-21 एफएल विमानं आली ती चकचकीत धातूच्या रंगात. 1971 च्या युद्धाच्या तोंडावर ती लपवायची वेळ आली, तेव्हा स्क्वाड्रनांनी आपापल्या तळावर, हाताशी होते त्या रंगांनी त्यांच्यावर पट्टे ओढले. एका स्क्वाड्रनचं विमान दुसरीच्या विमानासारखं नव्हतं. त्यातल्याच मिगांनी 14 डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर हल्ला चढवला. तेव्हा साधकाचा पट्टा वाकडा गेला आणि कोणी बोट दाखवलं, तर 'तळावर घाईत रंगवलेलं आहे' असं शांतपणे सांगावं.

चिन्हांच्या बाबतीत ही पळवाट नाही. हवाई दलाच्या वर्तुळात बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. डीकल, म्हणजे ही चिन्हं छापलेला पातळ पापुद्रा, कोमट पाण्यात सोडून ग्लॉस थरावरच सरकवावं. खरखरीत मॅट थरावर लावलं तर खाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी झाक दिसते. सगळं बसल्यावर वरून मॅटचा हात द्यावा.

पायरी सहावी: मळवणे

इतक्या कष्टाने स्वच्छ रंगवलेलं विमान आता घाण करायचं असतं. ही पायरी घरच्यांपासून लपवावी, कारण तिचं समर्थन करता येत नाही. काळपट पातळ रंग सांध्यांत सोडून पुसून घेतात. गंजासाठी तपकिरी थरावर ओलसर मिठाचे दाणे टाकतात, वर रंग फवारतात आणि सुकल्यावर मीठ खरडून काढतात. दुसऱ्या पद्धतीत दोन थरांच्या मध्ये केसांचा स्प्रे मारून पाण्याने टवके उडवतात. दोन्ही पद्धतींचं साहित्य घरातच असतं, फक्त ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं.

ज्यांना गंजाची खरी आवड आहे त्यांनी विमान सोडून गावातली वाहनं घ्यावीत. 1937 पासून मुंबईत धावलेल्या दुमजली बसगाड्यांपैकी शेवटची जुनी लाल गाडी 15 सप्टेंबर 2023 रोजी अंधेरीच्या 415 क्रमांकाच्या मार्गावर धावली. काळ्यापिवळ्या प्रीमियर पद्मिनीही त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. या दोघींना मळवायला कल्पनाशक्ती लागत नाही. आठवण पुरते.

हरवलेल्या भागांबद्दल

नाकावरची बारीक नळी चिमट्यातून उडून दिवाणाखाली जाईल. ती सापडणार नाही. दुसऱ्या दिवशी केर काढणाऱ्या मावशींना 'एवढासा करडा तुकडा दिसला का?' असं विचारू नये, कारण त्या वर्षभर तसे तुकडे बाजूला काढून ठेवतील आणि त्यांतला एकही मिगचा नसेल. इंजेक्शनची बारीक सुई कापून लावावी. मूळ नळीपेक्षा ती जास्त सरळ दिसते.

मिग-21 ला हवाई दलाने 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदिगडमध्ये निरोप दिला, त्यामुळे साधकाच्या विमानालाही आता कसली घाई उरलेली नाही. पहिल्याच किटला 1/72 चं एकच विमान, ॲक्रिलिक रंग आणि 0.3 चा ब्रश घ्यावा. लॅकर, पितळी पत्र्याचे भाग आणि 'विक्रांत' पुढच्या वर्षांसाठी ठेवावेत. दिवाळी उरकली की एका रविवारी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जाऊन तिथे ठेवलेलं एचएफ-24 मारुत हे खरं लढाऊ विमान चारही बाजूंनी पाहावं, खाली वाकून चाकांच्या खोबणींचे फोटो काढावेत आणि सोमवारी रात्री, सोसायटीची सभा नसेल तर, प्रायमरचा पहिला हात मारावा.