तयारीकर

कोकणातल्या आडनावांची एक सोय असते. माणूस मुळात कुठला, ते वेगळं विचारावं लागत नाही. पेडणेकर पेडण्याचे, मालवणकर मालवणचे. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थाचं खरं आडनाव काहीतरी निराळं आहे, पण ते आता फक्त लाइटबिलावर येतं. डोंबिवलीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीच्या तोंडी तो तयारीकर. मूळ गाव तयारी, हल्ली मुक्कामही तिथेच. गाव सोडून तो कधी कुठे गेलेलाच नाही.

वय चव्वेचाळीस. दादरला एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात नोकरी. नोकरी बरी आहे, पण त्याला क्लाउडमध्ये जायचंय. हे त्यानं पहिल्यांदा घरात जाहीर केलं तेव्हा त्याच्या आईनं देवापुढची निरांजनं पुसता पुसता विचारलं, "क्लाउड म्हणजे?" "ढग," तो म्हणाला. त्यावर त्या माउलीनं हातातलं निरांजन खाली ठेवलं. ढगात जायची भाषा तिन्हीसांजेला करू नये एवढं तिला कळत होतं.

तयारीकर प्रत्येक इमारतीत एक असतो. कुठे तो एमपीएससीचा असतो, कुठे बँकेच्या परीक्षांचा. पण त्या तयारीकरांना कधी ना कधी थांबावं लागतं, कारण सरकारनं वयोमर्यादा घालून ठेवली आहे. कॉम्प्युटरच्या सर्टिफिकेटांना वयोमर्यादा नाही. त्यामुळे आमचा तयारीकर हा जातिवंत, आमरण तयारीकर आहे.

या तपश्चर्येची सुरुवात झाली नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले होते; २००० साल उजाडलं की यंत्रं ते १९०० समजतील आणि जगाचे व्यवहार कोसळतील, अशी धास्ती होती. ती दुरुस्ती करायला कोबोल जाणणारी माणसं हवी होती. तयारीकरानं स्टेशनजवळचा क्लास लावला. चपला बाहेर काढून, एसीत कुडकुडत बसायचं, कॉम्प्युटर सर्दावू नये म्हणून जपायचं, असा तो काळ. तयारीकरानं पहिले दोन महिने वहीची अनुक्रमणिका तयार केली. तेवढ्यात १ जानेवारी २००० आला आणि गेला. जग कोसळलं नाही. कोसळली ती फक्त याची बॅच.

मग जावा आली. जावाचं जाडजूड पुस्तक आलं, त्याला खाकी कव्हर आलं, कव्हरावर स्टेन्सिलनं नाव आलं. मग कुणीतरी सांगितलं, सरकारी 'ओ लेव्हल' कर, डोएकची. ओ, ए, बी, सी अशा चढत्या पायऱ्या होत्या. तयारीकरानं चारही पायऱ्यांचा सिलॅबस आणून बाइंड केला, कारण कुठे जायचं ते आधी माहीत असावं. तोवर २०११ साल उजाडलं आणि डोएक या संस्थेचंच नाव बदलून नायलिट झालं. एखाद्याची तयारी संस्थेच्या नावापेक्षा जास्त टिकल्याचं हे उदाहरण विरळाच म्हणायचं. तो मात्र खचला नाही. नव्या नावाला नवी वही आलीच.

त्यानंतरचं नेटवर्किंगचं पर्व मोठं रम्य होतं. सीसीएनएची तयारी. नेटवर्कचे सात थर असतात : फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, अॅप्लिकेशन. तयारीकरानं त्यांची 'फि-डा-ने-ट्रा-से-प्रे-अॅ' अशी परवचा केली आणि दिवेलागणीला ती मोठ्यानं म्हणायला लागला. भिंत पातळ असल्यानं शेजारच्या जोशीकाकूंना ती पाठ झाली. त्यांना आजही रात्री झोपेतून उठवलं तरी त्या सातही थर क्रमानं सांगतात. तयारीकर स्वतः चौथ्यावर अडकायचा. ट्रान्सपोर्टशी आला की त्याला लोकल आठवायची आणि उद्या लवकर उठायचंय म्हणून तो झोपायचा.

पण सरावाला बसला की त्याची प्रतिभा फुलायची. पॅकेट ट्रेसर नावाचं एक सॉफ्टवेअर असतं, त्यात खोटे राउटर, खोट्या वायरी जोडून नेटवर्क उभारता येतं. त्यानं त्यात आमची अख्खी इमारत उभारली. प्रत्येक फ्लॅटला आयपी पत्ता. चेअरमनचं घर आणि सेक्रेटरीचं घर वेगवेगळ्या सबनेटमध्ये, कारण त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही. आणि तळमजल्यावरच्या आजींना त्यानं डिफॉल्ट गेटवे केलं होतं. मी विचारलं, त्याच का? तर म्हणाला, "आतलं जे काही बाहेर जातं, ते तिथूनच जातं ना?" डिफॉल्ट गेटवेची याहून अचूक व्याख्या मी आजवर ऐकलेली नाही. त्या दिवशी याची परीक्षा घेतली असती तर हा पास होता. पण परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला होता.

आता प्रेरणेविषयी. तयारीकराचा खरा विषय कॉम्प्युटर नाही, प्रेरणा हा आहे. अभ्यास काय, कुणीही करतो. अभ्यास करावासा वाटणं ही त्याची साधना. त्यासाठी मुहूर्त लागतो. आपल्याकडे साडेतीन मुहूर्त. ते त्याला पुरेनात, म्हणून त्यानं वर्षाचे बावन्न सोमवार जोडून घेतले. अशा साडेपंचावन्न मुहूर्तांवर तो नवा आरंभ करतो. मंगळवारी पाहावं तर गडी विश्रांती घेत असतो. आरंभाचा शीण असतोच.

एकदा त्याच्या वाचनात आलं की कुठलीही सवय एकवीस दिवसांत लागते. हे एकवीस दिवसांचं पिल्लू मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० साली आपल्या पुस्तकात सोडलं. तो बिचारा 'निदान एकवीस दिवस' म्हणाला होता, लोकांनी त्यातलं 'निदान' गाळलं. तयारीकरानं दारामागे एकवीस चौकटी आखल्या. नवव्या दिवशी मेव्हणीचं लग्न निघालं. नंतर त्याला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातलं संशोधन सापडलं. तिथल्या संशोधकांनी ९६ माणसं बारा आठवडे तपासली, आणि सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, कुणाला १८ तर कुणाला २५४, असा हिशोब मांडला. दुसरा कुणी हे वाचून हबकला असता. तयारीकर माझ्याकडे पेढे घेऊन आला. "बघ, मी म्हणत नव्हतो? आपली प्रकृती दोनशे चौपन्नवाली आहे." तेव्हापासून कुणी टोकलं की तो शांतपणे सांगतो, अजून दोनशे दिवस आहेत.

मग टोमॅटो आला. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं १९८० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासात लक्ष लागेना, म्हणून त्यानं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावलं आणि ते वाजेपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं. पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं सुटी. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून पद्धतीचं नावही तेच. तयारीकरानं तस्संच घड्याळ मागवलं. पहिल्या दिवशी तो पंचवीस मिनिटं पोमोदोरोच्या इतिहासावरचा व्हिडिओ बघत बसला आणि पुढची पाच मिनिटं त्यानं प्रामाणिकपणे सुटी घेतली. आठवड्याभरात ते घड्याळ वहिनींनी ओट्यावर नेलं. इडल्यांना बारा मिनिटं लागतात. त्या टोमॅटोनं या घरात आजवर काही तडीस नेलं असेल, तर त्या इडल्या.

वहिनी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहेत. त्यांचं एकच सर्टिफिकेट आहे, एमएस-सीआयटीचं. संगणकाची परीक्षा पास नसाल तर वेतनवाढ अडेल असा सरकारी फतवा निघाला, तेव्हा थोरली काखेत आणि धाकटा पोटात अशा अवस्थेत शाळा सुटल्यावर त्या क्लासला जायच्या. पास झाल्या, सर्व्हिस बुकात नोंद केली आणि विसरून गेल्या. मध्यंतरी 'ध्येयप्राप्तीतील अंतःप्रेरणा' या विषयावर तयारीकर आमच्या गच्चीवर चार पोरांना बौद्धिक देत होता. वहिनी पापड उचलायला आल्या होत्या. एका पोरानं भाबडेपणानं विचारलं, "काकू, तुम्हाला कुठून मिळाली प्रेरणा?"

"जीआर आला होता," वहिनी म्हणाल्या आणि पापड घेऊन खाली गेल्या.

पण गच्चीवरची ती बौद्धिकं चेष्टेवारी नेण्यासारखी नाहीत, हेही सांगायला हवं. कुठली परीक्षा कधी द्यावी, कुठलं पुस्तक टाळावं, सेलमध्ये साडेतीन हजारांचा कोर्स साडेचारशेला कधी मिळतो (दर पंधरा दिवसांनी, 'शेवटचे चार तास' म्हणून), एनपीटीईएलचे आयआयटीतले कोर्स फुकट बघता येतात आणि पैसे फक्त परीक्षेचे पडतात, हे सगळं त्याच्या जिभेवर असतं. आमच्या गल्लीतली पाच पोरं त्याच्या सांगण्यावरून अभ्यासाला लागली. दोन पुण्याला आहेत, एक बंगळुरूला, एक जर्मनीत. पाचवा येत्या श्रावणात उडणार आहे. तो पेढे द्यायला आला, तर तयारीकरानं पेढा तोंडात टाकून विचारलं, "अरे, पण टाइमटेबल कसलं केलं होतंस?" पोरगा चाचरला. टाइमटेबल केलंच नव्हतं. तयारीकराला ते मनापासून वाईट वाटलं. पाया कच्चा राहिला पोराचा.

आणि मग, यंदा, आक्रीत घडलं. ऑफिसनं सगळ्यांना क्लाउडच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेसाठी निम्म्या फीचं कूपन दिलं. अॅमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर. नव्वद मिनिटं, पासष्ट प्रश्न, हजारापैकी सातशेला पास. पासष्टांतले पंधरा प्रश्न मोजतच नाहीत, ते नुसते चाचपून बघायला टाकलेले असतात; ते कोणते, हे सांगत नाहीत. तयारीकराला परीक्षेतला हाच भाग सर्वांत आवडला. "म्हणजे आपल्याला येतात ते हेच पंधरा असणार," तो म्हणाला.

त्यानं तारीख घेतली. चोवीस तास आधीपर्यंत ती पुढे ढकलता येते, म्हणून ढकलली. पुन्हा ढकलली. तिसऱ्यांदा ढकलायला गेला, तेव्हा कळलं की ही मुभा दोनदाच. आणि कूपनही महिनाअखेरीला संपत होतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्यावर परीक्षा येऊन आदळली.

परीक्षा घरूनच द्यायची होती, कॅमेऱ्यासमोर. घरूनच असल्यानं तो निश्चिंत होता. आदल्या रात्री त्यानं नियम वाचले आणि साडेदहाला माझी बेल वाजवली. चेहरा पांढराफटक. खोलीत दुसरं कुणी येता कामा नये. टेबल रिकामं हवं. कागद नाही, वही नाही, पेन नाही, दुसरा स्क्रीन नाही. टेबलाचे चारही बाजूंनी फोटो पाठवायचे. ओठ हलवायचे नाहीत, प्रश्न मोठ्यानं वाचायचे नाहीत.

"टेबल रिकामं?" तो म्हणाला. "म्हणजे टाइमटेबल? चौकटी?"

आम्ही दोघांनी रात्री बारापर्यंत ते टेबल उपसलं. मी घरं बदलताना सामान हलवलंय, पण असं नाही. सात रंगांत काढलेला सात थरांचा तक्ता उतरवला. पहाटे उठणाऱ्या उद्योगपतींचे फोटो उतरवले. पंचावन्न हायलायटर, त्यातले तेरा वाळलेले. न उघडलेल्या सहा प्लॅनर-डायऱ्या, ज्यांत सालं तेवढी वेगवेगळी. कोबोलची अनुक्रमणिका निघाली, तेव्हा तो क्षणभर पलंगावर बसला. भिंतीवर सगळीकडे चिकटपट्टीचे डाग राहिले. मध्ये एक लॅपटॉप. एवढं मोठं टेबल याच्याकडे आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

सकाळी घरात जमावबंदी होती. बेलची वायर काढून ठेवलेली. गॅसवाल्याला खाली थोपवायला वॉचमन. कुकर लावायचा नाही. त्याची आई दाराबाहेर खुर्ची टाकून बसली होती, आणि तळमजल्यावरून चौकशीला आलेल्या डिफॉल्ट गेटवेलाही तिनं परत पाठवलं. आत काय घडलं ते त्यानं नंतर सांगितलं. पहिल्याच प्रश्नाला त्याचे ओठ हलले, जन्माची परवचा. लगेच स्क्रीनवर तंबी आली. मग तो दातांत जीभ धरून बसला. भिंतीकडे पाहिलं तर नुसती भिंत. आवरायला ड्रॉवर नाही, टोक करायला पेन्सिल नाही, घड्याळ ओट्यावर. करण्यासारखं दुसरं काहीच उरलं नव्हतं, तेव्हा त्यानं पेपर सोडवला.

तीन दिवसांनी मेल आली. ७४१.

आईनं साखर ठेवली. वहिनींनी काही न बोलता श्रीखंड आणलं. जोशीकाकूंनी भिंतीपलीकडूनच अभिनंदन केलं. सर्टिफिकेट वाचता वाचता तयारीकर एका ओळीवर थबकला आणि त्याच्या चेहऱ्यावर जुनं तेज आलं. "तीन वर्षांचीच मुदत आहे रे. मग परत द्यायची. आणि हे तर फाउंडेशन. खरी पुढची, आर्किटेक्ट. एकशे तीस मिनिटं!"

रविवारी संध्याकाळी तो तक्ता, फोटो आणि सगळे हायलायटर घेऊन खोलीत गेला आणि तसाच बाहेर आला. टेबलावर चौथीच्या दोन तुकड्यांच्या उत्तरपत्रिका होत्या, लाल पेन होतं, आणि वहिनी होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "जागा छान आहे हो."

सध्या तो नव्या टेबलाच्या शोधात आहे. उंची किती असावी, लाकूड कुठलं, तोंड पूर्वेला की उत्तरेला, याचे सात-आठ व्हिडिओ बघून झालेत. मोजमापाला सुरुवात सोमवारी.