अधिक एक

शेवटच्या कसारा लोकलमध्ये मला बसायला जागा मिळाली, पण पाय ठेवायला मिळाली नाही. तिथे पातेलं होतं. तीस-पस्तीस माणसांची खिचडी सहज शिजेल असं दणदणीत पातेलं. काठावर 'सप्रेम भेट' एवढंच वाचता येत होतं. कोणी कोणाला दिलं ते घासून घासून कधीच पुसलं गेलं होतं.

"कोणाचं हो हे?"

"क्लबचं," समोरचे गृहस्थ म्हणाले. "जरा गुडघ्यांत धरून बसा. ब्रेक लागला की घरंगळतं."

हे अण्णा. आमच्या उपनगरातल्या गिर्यारोहण क्लबचे खजिनदार. बँकेतून निवृत्त झालेली माणसं नातवंडांना बागेत नेतात. अण्णा परक्यांच्या पोरांना कळसूबाईला नेतात आणि त्यासाठी आधी स्वतःची वर्गणी भरतात. पावती फाडणारे अण्णाच, ती घडी घालून खिशात ठेवणारेही अण्णाच.

क्लबला कचेरी नाही. दर बुधवारी साडेसातला एकाच्या गॅलरीत मीटिंग भरते. चढाईचे दोर दुसऱ्याच्या दिवाणात असतात. त्या घरच्या वहिनींचं म्हणणं असं, की क्लबचा दोर दिवाणात आणि माझ्या पैठण्या माळ्यावर, हा कुठला न्याय? दोराची मात्र बडदास्त मोठी. तो कधी घेतला, किती वेळा वापरला, त्याला कुठे खरचटलं, सगळं वहीत लिहिलेलं. चुकून त्याच्यावर पाय पडला तर दंड. वय झालं की त्याला सन्मानाने निवृत्त करतात आणि मग तो त्याच गॅलरीत टॉवेल वाळवतो.

कसाऱ्याला उतरल्यावर मोजणी झाली. अण्णांनी प्रत्येकाच्या तोंडावर बॅटरी मारली आणि ओरडले, "एकतीस!"

जिन्यावरून लीडरने उत्तर दिलं, "अधिक एक!"

मला वाटलं, काही सांकेतिक भाषा असेल. मग कळलं, अण्णा स्वतःला मोजत नाहीत. एकदा राजमाचीच्या रानात म्हणे असाच एक माणूस कमी भरला. अंधारात दोन तास शोधाशोध झाली. शोधणाऱ्यांत सर्वांत पुढे अण्णाच होते.

जीपमध्ये बाकीच्यांची ओळख झाली. लीडर जेमतेम पंचविशीचा. "त्याने बीएमसी केलंय," कोणीतरी आदराने सांगितलं. "पालिकेत आहे का?" मी तितक्याच आदराने विचारलं. जीपमध्ये अशी शांतता पसरली की घाटातली वळणं ऐकू येऊ लागली. बीएमसी म्हणजे बेसिक माउंटेनियरिंग कोर्स. हा मुलगा त्यासाठी उत्तरकाशीच्या नेहरू संस्थेत महिनाभर बर्फात राहून आला होता. ऑफिसात रजेचं कारण त्याने 'काकांचं आजारपण' असं दिलं होतं. ते काका शेजारीच बसले होते आणि ठणठणीत होते. प्रथमोपचाराची पेटी एका डॉक्टरबाईंकडे होती. बाई दातांच्या. गुडघा दुखतो म्हटलं तरी त्या सवयीने आधी "आ करा" म्हणतात.

घोटीवरून वळून पहाटे चारला बारी गावात पोचलो. थंडी अशी, की डॉक्टरबाईंनी न सांगता सगळ्यांचे दात मोजून झाले. कळसूबाई म्हणजे 1646 मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक. हे मी घरून पाठ करून आलो होतो. पण ते मीटर पायांना सांगायचे राहिले होते. खालीच वाटेत देवीचं एक लहान देऊळ आहे. ज्यांना शिखर झेपत नाही त्यांनी इथूनच हात जोडावेत, अशी सोय. मी अत्यंत भक्तिभावाने हात जोडले आणि टेकलो.

"उठा," मागून आवाज आला. "मी शेवटचा आहे. तुम्ही उठल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही."

क्लबचा कायदाच तसा. लीडर सर्वांत पुढे, आणि सर्वांत मागे एकजण, ज्याच्या मागे कोणीही राहता कामा नये. ही जागा अण्णांची. पाठीवर पातेलं, पातेल्यात तांदूळ, डाळ आणि कांदे, हातात एक रिकामं पोतं. मी दर वीस पावलांनी निसर्गसौंदर्य पाहायला थांबत होतो. अंधारात निसर्ग दिसत नव्हता, तरी थांबत होतो. अण्णा तेवढ्यात वाकून वाटेवरची वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या पोत्यात भरत. त्यामुळे माझ्या दमण्याला एक सामाजिक उपयोग आला.

लोखंडी शिडीवर अर्ध्यात असताना पाठीमागे उजाडलं. वरून आरोळ्या ऐकू आल्या. पुढची मंडळी शिखरावर सूर्योदय पाहत होती.

"अण्णा, वरून सूर्योदय कसा दिसतो हो?"

"छान दिसतो म्हणतात."

"म्हणतात? तुम्ही कितव्यांदा आलात?"

"चौतिसाव्यांदा," अण्णा म्हणाले. "पण दरवेळी तुमच्यासारखं कोणीतरी असतं ना."

हे ते इतक्या प्रेमाने म्हणाले की पुढच्या वीस पायऱ्या मी न थांबता चढलो.

शेवटच्या शिडीखाली सपाटी आहे, विहीर आहे. आता तिथे आणि वर सुट्टीच्या दिवशी गावकऱ्यांच्या टपऱ्या लागतात. गरम कांदाभजी मिळतात, चहा मिळतो. इथे भजी मिळत असताना आमचं पातेलं वाहून आणणं मला शुद्ध वेडेपणा वाटला. मी तसं म्हणालो. अण्णा म्हणाले, "क्लब निघाला तेव्हा इथे काही मिळत नव्हतं. तेव्हा ठरलं, आपलं आपण शिजवायचं." मग त्यांनी दोन प्लेट भजी मागवली आणि खिचडी शिजेपर्यंत सगळ्यांनी मिळून खाल्ली. तत्त्व एका बाजूला, भजी एका बाजूला.

शिखरावर चिमुकलं देऊळ आहे. अलंग, मदन, कुलंग ओळीने उभे, पलीकडे रतनगड, खाली भंडारदऱ्याचं पाणी. सगळ्यांचे फोटो अण्णांनी काढले. त्यामुळे ते एकाही फोटोत नाहीत.

जेवणं उरकली आणि मंडळी आडवी झाली. अण्णा पातेलं घेऊन बसले, सोबत माती आणि सुक्या गवताची घासणी. बाजूला केराने भरलेलं पोतं. मला एकदम गावातली गोष्ट आठवली. कळसू ही कोळ्याची पोर पाटलाकडे कामाला राहिली ती एका अटीवर: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, बाकी पडेल ते काम करीन. एके दिवशी पाटलाने नेमकी तीच कामं सांगितली. तिने ती केली आणि घर सोडून या डोंगरावर निघून आली, ती कायमचीच.

"अण्णा," मी म्हणालो, "केर आणि भांडी नको म्हणून देवी ज्या डोंगरावर आली, त्याच डोंगरावर तुम्ही केर आणि भांडी करायला येता!"

अण्णांनी बुडाची करपलेली खिचडी नखाने खरवडली. "बरोबर आहे. तिने ते काम सोडलं, म्हणून तर जागा रिकामी झाली."

मी गवताची दुसरी घासणी घेतली. करपलेलं फार चिवट असतं.

परतीच्या जीपमध्ये अण्णांनी वही उघडून हिशोब केला आणि प्रत्येकाला अकरा रुपये परत दिले. दहाची नोट आणि वर एकाचं नाणं. "राहू द्या हो" म्हटलेलं त्यांना चालत नाही. क्लब ना नफा, ना तोटा.

कसाऱ्याला गाडी लागली होती. अण्णा जीपवाल्याचे पैसे चुकते करत होते. मला म्हणाले, "तेवढं जरा मोजून घेता?"

मी जबाबदारीने मोजलं. एकतीस. पुन्हा मोजलं. एकतीस. एकेकाच्या खांद्याला हात लावून तिसऱ्यांदा मोजलं. गाडीने भोंगा दिला. माझ्या कपाळावर घाम आला. शिडीवर कोणी राहिलं? विहिरीपाशी?

"अण्णा, एक माणूस कमी आहे! एकतीसच भरतायत!"

पुढच्या डब्याच्या दारातून लीडर ओरडला, "अधिक एक!"

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी पातेलं उचलून माझ्या हातात दिलं.

"घरी घेऊन जा. बुधवारी साडेसातला येताना आणा."